एकाश्म, एकसंध, एकजिनसी

अलीकडे आमच्या लेखकांना व वक्त्यांना ‘एकाश्म’ या विशेषणाची मोठीच गोडी लागली आहे. पक्ष एकाश्म, धर्म एकाश्म, समाज एकाश्म. आणि विरारला जीवदानीच्या डोंगरावरून खालीं एकसारख्या इमारतींच्या रांगा दिसल्या, कीं त्याहि एकाश्मच! इंग्रजी ‘मोनोलिथिक’चा हा तर्जुमा. तो वाईट नाहीं. एक अश्म, म्हणजे एकच दगड, एवढा विग्रह शाळकरी मुलासहि करितां येईल. तो ज्यांना करवत नाहीं, त्यांच्याशीं आमचें भांडण आहे.

मराठींत या जागेवर तीन शब्द उभे आहेत आणि तिन्हींचीं कामें निराळीं आहेत. वेरूळचें कैलास लेणें एकाश्म होय. आठव्या शतकांत राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळीं डोंगर वरून खालीं कोरीत जाऊन तें काढिलें. पण तेथें एकसारखें काय आहे? कोठें हत्ती, कोठें देवता, कोठें कैलास हलवूं पाहणारा रावण! एका दगडाचें म्हणून तें एका सांच्याचें झालें नाहीं. उलट, ‘एकजिनसी’ हा बाजारांतला शब्द. तांदळाची गोणी एकजिनसी असते. पण शिवण उसवली, कीं दाण्याला दाणा विचारीत नाहीं. जीवदानीखालच्या त्या इमारतींना हाच शब्द शोभतो.

राहिला ‘एकसंध’. त्याच्या पोटांतच सांधा आहे. वसईचा किल्ला पाहावा. १५३४ सालीं गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे आली व पुढें हा विस्तीर्ण तट उभा राहिला. लांबून तो एकच पाषाण वाटतो. जवळ जावें, तों दगडागणिक सांधा आणि सांध्यागणिक चुना. १७३९ सालीं चिमाजी आप्पांच्या फौजेला तो घेण्यासाठीं बुरुजाखालीं सुरुंग उडवावे लागले, इतका तो सांधा पक्का. आज त्याच तटाच्या आंत पडक्या चर्चेस आहेत आणि नागेश्वराचें देऊळहि आहे.

‘शब्दांचा एवढा कीस कशाला? भाषा वाहती आहे,’ असें कोणी म्हणेल. वाहती खरीच, परंतु या विशेषणाआडून एक निकाल गुपचूप दिला जातो. एकाश्मांत सांधा नसतोच. म्हणून त्यावर रेघ दिसली, कीं ती तडाच ठरते. एकसंध वस्तूंत तीच रेघ सांधा असूं शकते. ‘वसईचा ख्रिस्ती समाज एकाश्म आहे,’ हें वाक्य घ्या. त्या समाजांत सामवेदी आहेत, वाडवळ आहेत, कोळी आहेत. सामवेदी बोली तर हिंदु सामवेदींच्या घरांत आणि ख्रिस्ती सामवेदींच्या घरांत दोहींकडे नांदते. येथें कोणता दगड एक मानावयाचा? धर्माचा मानला, तर बोली तडा ठरते; बोलीचा मानला, तर धर्म! बोलणाऱ्याला यांपैकीं कांहींच म्हणावयाचें नसतें. त्याला केवळ भारदस्त शब्द हवा असतो.

२००९ सालीं चार नगरपरिषदा व ५३ गांवें मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हां अनेक गांवांनीं विरोध केला. ज्यांना शहर एकाश्म दिसत होतें, त्यांना तो विरोध फुटीरपणा वाटला. शेत, बावखल आणि ग्रामपंचायत जाण्याची गांवकऱ्यांना वाटणारी धास्ती योग्य कीं अयोग्य, हा वाद निराळा. पण तो वाद ऐकून घेण्याची गरजच या विशेषणानें उडवून लाविली.

यावर ठराविक उत्तर येतें, कीं मोठा कारभार एका सांच्यावांचून चालत नाहीं. या मंडळींनीं वसईजवळचेंच सोपारें आठवावें. १८८२ सालीं तेथें अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सांपडला. तो ब्राह्मी लिपींत आहे. हीच आज्ञा वायव्येस शाहबाजगढीला खरोष्ठींत, उजवीकडून डावीकडे कोरलेली आहे. आणि कंदाहारच्या बाजूस तर त्या सम्राटाचे लेख ग्रीक व आरमाइक भाषांत आहेत.