गाडीला पाजा गुलाबी सरबत!

ऑनसाइट गेलेल्या दोस्तमंडळींचे फोटो बघितलेत? यलोस्टोन नाहीतर कोलोरॅडो, मागे डोंगर, पुढे ढब्बू मोटरहोम, फोल्डिंगच्या खुर्च्या आणि हातात कॉफीचा मग. एकदम सही! फोटोत जे येत नाही ते असं, की ऑक्टोबरातल्या एखाद्या शनिवारी हेच कपल त्याच गाडीखाली आडवं पडून पाण्याचा शेवटचा थेंब हुडकत असतं.

माझी मावसबहीण मिनिआपोलिसजवळ राहते. नवराबायको दोघंही आयटीवाले आणि दारात सेकंडहँड मोटरहोम. जानेवारीत तिथे पारा उणे २० च्या खाली जाणं म्हणजे काही ब्रेकिंग न्यूज नव्हे. गंमत बघा, शेजारच्याच आयोवा राज्यात फॉरेस्ट सिटी नावाचं गाव आहे. विनेबागो कंपनी १९५८ साली तिथेच सुरू झाली आणि तिकडे कित्येकजण कुठल्याही मोटरहोमला विनेबागोच म्हणतात, आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो तसं. म्हणजे ज्या मुलखात हे चाकांवरचं घर फेमस झालं, तिथे ते वर्षातले चार-पाच महिने झाकून ठेवावं लागतं!

व्हिलन कोण? बर्फ नाही, पाणी. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं. पाइपच्या कोपऱ्यात किंवा पंपात राहिलेलं घोटभर पाणीसुद्धा प्लॅस्टिक तडकवायला पुरतं. वर वैताग असा, की हे लगेच कळत नाही. तडा बर्फानेच बुजलेला असतो. एप्रिलमध्ये हौसेने नळ सोडावा, तर भिंतीच्या आतून धार! लाकडी सांगाडा भिजला की मग बिल बघवत नाही.

म्हणून पहिली कडक थंडी पडायच्या आत हे उरकायचं. आधी टाक्या रिकाम्या. पिण्याच्या पाण्याची, सिंकच्या सांडपाण्याची आणि हो, टॉयलेटचीही. (ते काम भावोजींकडे, यावर ताई ठाम आहे.) मग वॉटर हीटर. तो बंद करून पूर्ण गार होऊ द्यायचा, दाब सोडायचा आणि मगच बूच काढायचं. घाई केलीत तर उकळतं पाणी थेट अंगावर. त्यानंतर हीटरचा बायपास व्हॉल्व्ह फिरवायचा, म्हणजे पुढचं महागडं औषध त्या २२-२३ लिटरच्या टाकीत फुकट जात नाही.

औषध म्हणजे अँटिफ्रीझ. रंग मस्त गुलाबी, अगदी रोझ सरबत. गाडीच्या पंपानेच ते बाटलीतून ओढून घ्यायचं आणि एकेक नळ गुलाबी होईपर्यंत सोडायचा. गरम आणि गार दोन्ही. शॉवर, टॉयलेटचा फ्लश आणि गाडीच्या बाहेर असतो तो छोटा शॉवर, जो हमखास विसरला जातो. शेवटी सिंकखालच्या वाकड्या पाइपातही कपभर ओतायचं. साधारण ८ ते ११ लिटरमध्ये भागतं. फक्त बाटली नीट वाचून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या पाइपात चालतं ते प्रॉपिलीन ग्लायकॉलवालं. इंजिनाच्या रेडिएटरचं बहुतेकदा एथिलीन ग्लायकॉलवालं असतं आणि ते सरळ सरळ विष आहे. इथे 'चलता है' अजिबात चालत नाही.

बाकीचं फटाफट. साधी लेड-अॅसिड बॅटरी फुल चार्ज करून ठेवा, उतरलेली असेल तर उणे दहाच्या आतच गोठू शकते. लिथियम असेल तर शून्याखाली चार्जिंग नको. फ्रिजचं दार किलकिलं ठेवा. आणि उंदीर! पेन्सिल जाईल एवढी फट त्यांना बास होते. अशा फटींमध्ये स्टीलची घासणी कोंबायची, ती त्यांना कुरतडवत नाही.

काही उत्साही वीर मात्र भर हिवाळ्यात स्कीइंगला त्याच गाडीतून जातात आणि आतच झोपतात. तिकडच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन असतो, जो उणे ४२ पर्यंत वायू होत राहतो. आपल्याकडच्या गॅसमध्ये ब्युटेनही असतो, तो शून्याच्या आसपासच मान टाकतो. पण प्रोपेन जळतोय म्हणून थंडीत शेगडीच पेटवून बसायचं? चुकूनही नाही! एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. सकाळी खिडक्या ठिबकतात आणि गादीखाली बुरशी धरते. ते परवडलं. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साठला, तर त्याला ना वास ना रंग, झोपलेला माणूस उठतच नाही. त्यामुळे ऊब हवी तर धूर बाहेर सोडणारा फर्नेसच वापरायचा, अलार्मचं बटण दाबून तो वाजतोय हे बघायचं आणि एक झरोका थोडा उघडा ठेवायचा. थंडी वाजली तर दुसरी रजई घ्या.

रिटायर्ड मंडळींनी यावर झकास तोडगा काढलाय. ती सरळ गाडी काढतात आणि अॅरिझोनाच्या वाळवंटात जातात. क्वार्टझाइट नावाच्या गावाभोवती हिवाळ्यात मोटरहोमची अख्खी जत्रा भरते. आपल्याला मात्र सोमवारी ऑफिस असतं.

तुम्ही तिकडे असाल आणि डिसेंबरच्या सुट्टीत अशी गाडी भाड्याने घ्यायचा बेत असेल, तर अॅडव्हान्स भरण्याआधी एवढंच विचारा: पाणी चालू आहे की पाइपात गुलाबी औषध भरलेलंय? औषध भरलेलं असेल तर नळ आणि शॉवर बंद. पाण्याचे कॅन सोबत घ्यायचे आणि अंघोळीला कॅम्पसाइटचं बाथरूम गाठायचं. उणे दहात, टॉवेल खांद्यावर टाकून!