तिची श्रद्धा आणि तिची भाकरी

मुस्लिम आईच्या श्रद्धेविषयी बोलण्याची हौस आपल्या देशात दोन प्रकारच्या माणसांना फार आहे. एक, तिच्या धर्माचा स्वयंघोषित मुखत्यार. आणि दुसरा, तिच्या धर्माचा वैरी. पहिला म्हणतो, ती धर्माची राखणदार आहे, तिच्या घरात कायद्याने डोकावू नये. दुसरा म्हणतो, ती धर्माची बळी आहे, तिला तिच्या माणसांपासून सोडवले पाहिजे. तिच्या स्वतःच्या मनात नमाज-रोजाविषयी, मुलाबाळांविषयी आणि चुलीवरच्या भांड्याविषयी काय विचार चालू आहेत हे ऐकून घेण्याची दोघांनाही गरज वाटत नाही. समाजवादी कार्यकर्त्याने यांपैकी कोणाच्याही पंगतीला बसू नये. का बसू नये, हे स्पष्ट करण्यासाठी एका अशा प्रकरणाकडे पुन्हा पाहिले पाहिजे, की ज्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे, परंतु ज्यातील आकडे आणि तपशील आता फारसे कोणाच्या स्मरणात नाहीत.

शहाबानो बेगम इंदूरच्या. त्यांचा विवाह १९३२ साली झाला. त्यांना तीन मुलगे आणि दोन मुली. पती वकील. १९७५ साली, म्हणजे ४३ वर्षांच्या संसारानंतर, पतीने त्यांना घराबाहेर काढले. एप्रिल १९७८ मध्ये त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली अर्ज करून दरमहा ५०० रुपये पोटगी मागितली. हा अर्ज प्रलंबित असतानाच, ६ नोव्हेंबर १९७८ रोजी, पतीने तलाक दिला. मेहेरची ३,००० रुपयांची रक्कम न्यायालयात भरली की आपली जबाबदारी संपली, असा त्याचा बचाव होता. संहितेच्या कलम १२७ मध्ये तशी पळवाट असल्याचा दावाही करता येत होता. वैयक्तिक कायद्यानुसार देय असलेली रक्कम घटस्फोटितेला मिळाली असेल तर पोटगीचा आदेश रद्द करण्याची तरतूद त्यात होती. तेव्हा या तलाकाचा संबंध धर्माशी किती आणि खर्चाशी किती, हे वाचकांनीच ठरवावे.

ऑगस्ट १९७९ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी पोटगी मंजूर केली ती दरमहा २५ रुपये. १९८० साली मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. पतीचे व्यावसायिक उत्पन्न वर्षाला सुमारे ६०,००० रुपये असल्याचे अर्जदाराचे म्हणणे होते. ते खरे धरले तर मागितलेले ५०० रुपये म्हणजे त्याच्या मासिक मिळकतीचा दहावा हिस्सा. दंडाधिकाऱ्यांनी दिले ते अर्धा टक्का, आणि उच्च न्यायालयाने दिले ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास. पाच मुले वाढवण्याच्या आणि त्रेचाळीस वर्षे घर चालवण्याच्या श्रमाचे हे मोल. देशभर ज्यावरून वादळ उठले तो ऐवज एवढाच होता. अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके गृहिणीचे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात मोजत नाहीत याची आपण तक्रार करतो. ते श्रम मोजण्याची वेळ न्यायालयावर येते तेव्हा माप कसे पडते, त्याचा हा नमुना आहे.

२३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने पतीचे अपील फेटाळले. निकालपत्र सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांचे होते. पोटगीचे कलम सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे, असे त्यांनी सांगितले; कुराणाच्या दुसऱ्या अध्यायातील तलाक दिलेल्या स्त्रियांच्या तरतुदीसंबंधीच्या वचनांचा आधार घेतला; आणि समान नागरी कायद्याविषयीचे घटनेचे ४४ वे कलम निष्प्राण होऊन पडल्याबद्दल खेदही व्यक्त केला. निर्णय न्याय्य होता. परंतु एका वृद्धेच्या पोटगीच्या दाव्याला साऱ्या समाजाच्या धर्मग्रंथाचा अर्थ आणि समान नागरी कायदा हे दोन विषय जोडले गेले. याच प्रश्नावर न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७८ साली बाई ताहिरा यांच्या आणि १९८० साली फझलुनबी यांच्या खटल्यात स्त्रियांच्या बाजूने निर्णय दिले होते. त्या वेळी रस्त्यांवर लाखोंचे मोर्चे निघाले नाहीत. तेव्हा १९८५ चे वादळ केवळ धर्मश्रद्धेतून उठले, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्याला राजकारणाचा वारा मिळाला होता.

आणि मग ते पत्र आले. नोव्हेंबर १९८५ मध्ये, सत्तरीला टेकलेल्या शहाबानो बेगम यांनी अंगठ्याचा ठसा उमटवून एक जाहीर पत्र प्रसिद्धीस दिले. त्याचा आशय असा : इतर स्त्रियांना न्यायालयांतून पोटगी मिळते म्हणून मीही दावा केला, शरियतचे म्हणणे काय हे मला तोवर ठाऊक नव्हते, इंदूरच्या प्रतिष्ठित मंडळींनी घरी येऊन कुराण आणि हदीस यांच्या आधारे मला ते समजावून दिले, हा निकाल त्याविरुद्ध असल्याने मुसलमान म्हणून मी तो नाकारते. आपल्या खटल्यामुळे समाजाला सोसाव्या लागलेल्या मनस्तापाचाही त्यांनी त्यात उल्लेख केला होता.

या पत्रावर तेव्हापासून दोन प्रकारची भाष्ये होत आली. सनातन्यांनी ते श्रद्धेचा विजय म्हणून मिरवले. पुरोगाम्यांपैकी अनेकांनी ते दडपणाखाली घेतलेले म्हणून बाजूला सारले. दडपण होते यात शंका घेण्याचे कारण नाही. सारा मोहल्ला दाराशी आला की वेगळ्या दडपणाची आवश्यकता उरत नाही. तरीही ते पत्र बाजूला सारू नये, असे माझे मत आहे. कारण त्यात एका आईचे विचार आहेत, आणि ते दोन्ही पक्षांना अडचणीचे आहेत.

त्यातील एक वाक्यच पाहा. इतर स्त्रियांना मिळते, म्हणून मी मागितले. नागरिकत्वाची याहून साधी आणि याहून पक्की व्याख्या राज्यशास्त्राच्या ग्रंथांतही सापडणे कठीण. दावा करताना या बाईंना आपण धर्म सोडत आहोत असे मुळीच वाटले नव्हते. नमाज पढणारी आणि न्यायालयात अर्ज करणारी स्त्री एकच होती, आणि सात वर्षे तिला त्यात विसंगती दिसली नाही. विसंगती तिला दाखवून दिली ती इतरांनी. पत्रातील दुसरी गोष्ट म्हणजे समाजाच्या क्लेशाचे दुःख. आपल्यामुळे घरादारावर, जातभाईंवर संकट आले हा सल आपल्याकडील कोणत्याही धर्माच्या आईला ओळखीचा आहे. हक्कासाठी उभ्या राहणाऱ्या स्त्रीला नमवण्याचे ते सर्वांत जुने साधन आहे. हुंड्याची तक्रार मागे घेणाऱ्या आपल्या खेड्यातील सुनेला तेच ऐकवले जाते : तुझ्यामुळे घराची अब्रू गेली.

म्हणून अंगठा खुशीचा की जबरीचा, हा खरा प्रश्न नव्हे. श्रद्धा आणि भाकरी यांपैकी एकच निवड, अशी अट या आईला घातली कोणी, हा खरा प्रश्न आहे. ती अट मौलवींनी घातली. मुसलमानांना झोडपण्यासाठी तिचे नाव वापरणाऱ्या हिंदू जमातवाद्यांनी ती अधिक घट्ट केली. आणि मते मोजणाऱ्या राज्यकर्त्यांनी तिच्यावर कायद्याची मोहोर उठवली. मे १९८६ मध्ये मुस्लिम महिला (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण) कायदा झाला. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला अयोध्येतील बाबरी मशिदीचे कुलूप उघडण्यात आले होते. एका हाताने एका धर्माच्या मुखत्यारांना आणि दुसऱ्या हाताने दुसऱ्या धर्माच्या मुखत्यारांना देणे म्हणजे धर्मनिरपेक्षता नव्हे. या व्यवहारात आईच्या पदरात काय पडले, हे कोणी विचारले नाही. शहाबानो बेगम १९९२ साली निवर्तल्या. त्यांचे वकील दानियल लतिफी यांनी या कायद्याला आव्हान दिले आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवूनही त्याचा अर्थ असा लावला की, इद्दतीच्या मुदतीत पतीने जी वाजवी तरतूद करावयाची ती घटस्फोटितेच्या पुढील आयुष्यासाठी पुरेशी असली पाहिजे. जे कायद्याने काढून घ्यायचे होते ते पुष्कळसे अशा रीतीने परत आले. परंतु मधली पंधरा वर्षे ज्या आयांनी काढली, त्यांचा हिशोब कोणी मांडायचा?

येथे महाराष्ट्रातील दुसऱ्या एका आईची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत सचिवालयावर गेला, आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली. ३ मे १९७७ रोजी दलवाई गेले. त्यानंतर मेहरुन्निसा दलवाई यांनी दोन मुलींचा संसार सांभाळून तलाकपीडित स्त्रियांचे काम चालू ठेवले. जून २०१७ मध्ये त्या निवर्तल्या. तोंडी तिहेरी तलाक रद्द करणारा निकाल त्यानंतर दोनच महिन्यांनी, २२ ऑगस्ट २०१७ रोजी आला. मेहरुन्निसाबाईंनाही समाजाचा रोष चुकला नव्हता. तथापि त्यांच्या आणि शहाबानो बेगम यांच्या परिस्थितीत एक मोठा फरक होता : मेहरुन्निसाबाई नोकरी करीत होत्या. त्यांच्या धैर्याचे मोल याने कमी होत नाही. परंतु धर्माविषयी स्वतंत्र विचार करून तो चारचौघांत टिकवून धरायचा, तर दरमहा हाती येणारा स्वतःचा पैसा फार उपयोगी पडतो, एवढे मात्र यातून दिसते.

हा पैसा बहुसंख्य मुस्लिम आयांच्या हाती नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने दाखवून दिले की, काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रिया आपल्या घरातच काम करतात. सर्व समाजांतील काम करणाऱ्या स्त्रियांसाठी हे प्रमाण ५१ टक्के होते. भरतकाम, विड्या, अगरबत्त्या, शिलाई असे हे काम नगावर होते. दर मध्यस्थ ठरवतो, माल त्याचा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातून येतो आणि पैसेही त्याच हातून. अशा घरात श्रद्धेविषयीचा तिचा विचार तिच्याजवळच राहतो. तो मांडायला तिला जागा नसते आणि मांडलाच तर झेलायला बळ नसते.

आता आजच्या कायद्यांकडे पाहू. २०१७ च्या निकालाने जो तलाक निष्प्रभ ठरला, तो उच्चारणाऱ्या पतीला २०१९ च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवली. निर्वाहभत्त्याची तरतूदही त्यात आहे. परंतु कमावता माणूस तुरुंगात बसला तर भत्ता यायचा कोठून? आणि तलाक न उच्चारताच बायको टाकून देणारा अन्य धर्मीय पती मोकळा का? परित्यक्तेचे दुःख एका धर्माचे नाही, हे १९८० च्या दशकात परित्यक्तांच्या चळवळीने महाराष्ट्राला दाखवून दिले होते. उलट, १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम १२५ मुस्लिम घटस्फोटितांनाही लागू असल्याचे पुन्हा निःसंदिग्ध सांगितले, ते स्वागतार्ह आहे. शहाबानो बेगम यांना १९८५ मध्ये मिळालेले उत्तर असे एकोणचाळीस वर्षांनी त्यांच्या लेकी-नातींना पुन्हा मिळाले.

आपल्यातीलच काही मित्र विचारतील की, श्रद्धेला हात न लावता सुधारणा होईल काय? मौलवींच्या सत्तेशी ही तडजोड नव्हे काय? नव्हे. धर्माच्या नावाने चालणाऱ्या सत्तेवर टीका केलीच पाहिजे, आणि दलवाईंनी ती कोणाची भीड न ठेवता केली. परंतु टीका करणे वेगळे, आणि आधी श्रद्धा सोड मग तुझ्या हक्काचे बघू, असे एखाद्या आईला सांगणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात आपणही मौलवींचीच अट उलटी करून घालतो. शासनाने व पक्षाने तिच्या श्रद्धेची चौकशी न करता तिचा हक्क तिला मिळवून द्यावा. त्यानंतर ती बुरखा ठेवील की काढील, मुलीला मदरशात पाठवील की नगरपालिकेच्या शाळेत, हे तिचे ती ठरवील; आणि तो निर्णय तिचा असेल म्हणूनच टिकेल.

कार्यकर्त्यांसाठी यातून निघणारी कामे साधी आहेत. पोटगीचे कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ या क्रमांकाने आहे, आणि एकूण ५०० रुपयांची जुनी कमाल मर्यादा २००१ सालीच गेली, हे प्रत्येक वस्तीत समजावून सांगावे. अर्ज करणाऱ्या बाईबरोबर न्यायालयात जावे, आणि आदेश झाल्यावर वसुली होईपर्यंत पाठपुरावा करावा. कारण वसूल न झालेली पोटगी हा केवळ कागद असतो. निकाहनाम्यात मेहेरची रक्कम आणि अटी वधूच्या संमतीने स्पष्ट लिहिल्या जाव्यात यासाठी मुलींच्या आईबापांशी बोलावे. घरी बसून काम करणाऱ्या स्त्रियांची संघटना बांधून नगाचा दर आणि मजुरी थेट तिच्या हाती, या दोन मागण्या लावून धराव्यात. आणि हे सर्व करताना मुसलमानांचा कैवार किंवा मुसलमानांचा उद्धार अशी भाषा टाळावी. इतर स्त्रियांना जे मिळते ते मलाही मिळावे, एवढेच इंदूरच्या त्या आईने मागितले होते. आपले काम त्या मागणीपासून सुरू झाले पाहिजे.