नाव घेतले, गोष्ट राहिली

एरवी या सदराला आठवड्याला एक पान मिळते, आणि त्याच्याही कोपऱ्यात एखादी जाहिरात पाय पसरून बसलेली असते. दिवाळी अंकात संपादक जरा सैल हाताने जागा देतात. तेव्हा आज थोडे लांब जाऊ. लांब म्हणजे थेट ग्रीस देशात, आणि तेही अडीच-तीन हजार वर्षे मागे. घाबरू नका, फराळाच्या वेळेपर्यंत परत येऊ. शिवाय हा प्रवास वाटतो तितका परका नाही. आपल्या रोजच्या बोलण्यात, बाजारात, वर्तमानपत्रात ग्रीक देवदेवता इतक्या सुखाने नांदत आहेत, की त्यांना पाहुणे म्हणायचीही सोय उरलेली नाही.

आता हेच पाहा. 1969 च्या जुलै महिन्यात माणूस चंद्रावर उतरला तो 'अपोलो' नावाच्या मोहिमेतून. अपोलो हा ग्रीकांचा प्रकाशाचा देव. पुढे पुढे तर त्याला सूर्यच मानू लागले. जायचे चंद्रावर आणि नाव सूर्याचे! हे नाव सुचवले अमेरिकेच्या अंतराळसंस्थेतील एक अधिकारी सिल्व्हरस्टीन यांनी, 1960 साली. रथात बसून सूर्यावरून दौडणारा अपोलो त्यांच्या डोळ्यांसमोर होता, आणि एवढ्या भव्य मोहिमेला तेच चित्र शोभेल असे त्यांना वाटले. 1972 नंतर चंद्रावरच्या त्या फेऱ्या थांबल्या. पुढे 2019 साली चंद्राकडे जाण्याच्या नव्या मोहिमेचे नाव जाहीर झाले, ते 'आर्टेमिस'. ही कोण? अपोलोची जुळी बहीण, आणि चंद्राशी जिचे नाते जोडले गेले ती देवता. 2022 च्या अखेरीस तिचे पहिले यान, माणसांवाचून का होईना, चंद्राला वळसा घालून आले. भाऊ पुढे गेला आणि पन्नास वर्षांनी बहिणीची पाळी आली. भाऊबीज जरा उशिरा झाली, एवढेच. आपल्या मंडळींनी मात्र असला घोळ होऊ दिला नाही. चंद्राकडे गेले ते चंद्रयान आणि 2023 साली सूर्याच्या अभ्यासाला गेले ते आदित्य. सरळ हिशेब!

तर सांगायचे ते असे, की पुराणातले नाव उचलणे सोपे असते. नावाला वजन असते, नाद असतो, त्यामागे देवळाची घंटा वाजत असते. पण नाव घेताना माणूस बहुधा गोष्ट तिथेच ठेवून येतो. आणली तरी अर्धीच आणतो. ती राहिलेली अर्धी गोष्टच बहुतेक वेळा मोलाची असते.

टायटॅनिक जहाजाचेच घ्या. टायटन म्हणजे देवांच्या आधीचे अजस्र, बलाढ्य दैत्य-देव. प्रचंड जहाजाला नाव शोभले खरे. पण या टायटनांचे पुढे काय झाले? ऑलिंपस पर्वतावरच्या झ्यूसने आणि त्याच्या भावंडांनी त्यांच्याशी दहा वर्षे युद्ध केले, त्यांना हरवले आणि पाताळाच्याही खालच्या अंधारात कोंडून टाकले. ज्यांचा शेवट खोल काळोखात झाला, त्यांचे नाव जहाजाला! 15 एप्रिल 1912 च्या पहाटे ते जहाज अटलांटिकच्या तळाशी गेले आणि सुमारे दीड हजार माणसे गेली. त्याच कंपनीचे, त्याच गोदीत बांधलेले, जवळजवळ तसेच दुसरे जहाज होते. त्याचे नाव 'ऑलिंपिक'. ते 1935 पर्यंत प्रवासी वाहत राहिले. नावामुळे जहाजे बुडत नाहीत, हिमनगामुळे बुडतात, हे मलाही ठाऊक आहे. परंतु 2023 च्या जूनमध्ये टायटॅनिकचे अवशेष पाहायला पाच माणसे घेऊन पाण्याखाली गेलेली आणि परत न आलेली ती छोटी पाणबुडी आठवते? तिचे नाव 'टायटन' होते. आकारासाठी नाव घेतले. पण गर्वाचे काय झाले, ते सांगणारी गोष्ट काठावरच राहिली. (हातात टायटनचे घड्याळ असणाऱ्यांनी मनाला लावून घेऊ नये. ते नाव टाटा आणि तामिळनाडू यांच्या आद्याक्षरांतून जुळले आहे.)

सायरनची कथा तर याहून मौजेची. आपल्याला सायरन म्हणजे भोंगा. गिरणगावात पहाटे भोंगा झाला की माणसे डबे उचलून धावत, आणि 1965 व 1971 च्या युद्धांत सायरन वाजला की मुंबईचे दिवे मालवत. पण मूळ सायरन म्हणजे समुद्रातल्या बेटावर बसून गाणाऱ्या मोहिन्या. धड पक्ष्याचे, तोंड बाईचे. त्यांचे गाणे ऐकले की खलाशी भान विसरत आणि प्राणाला मुकत. 1819 साली एका फ्रेंच शास्त्रज्ञाने आवाजाचे एक यंत्र केले. ते पाण्याखालीही गात असे म्हणून त्याला त्याने हे नाव दिले. अशा रीतीने जी धोक्याकडे ओढत होती, तीच धोक्याची सूचना देऊ लागली! आणि तिचीच दुसरी बहीण, दोन शेपट्यांची मत्स्यकन्या होऊन, स्टारबक्सच्या कॉफीच्या पेल्यावर बसली आहे. 2012 पासून ती मुंबईतही आहे. तिची हाक ऐकून जो आत जातो त्याच्या प्राणावर बेतत नाही, खिशावर बेतते.

मात्र होमरने या सायरनांचे गाणे सांगितले आहे, ते नीट पाहण्यासारखे आहे. त्या ओडिसियसला रूपाचे आमिष दाखवत नाहीत. त्या म्हणतात, ये, ट्रॉयच्या रणात काय झाले ते आम्हांला ठाऊक आहे. या पृथ्वीवर जे जे घडते ते सारे आम्हांला कळते. म्हणजे त्यांचे आमिष बातमीचे! जगात आता या क्षणी काय चालले आहे ते सांगते, जरा इकडे बघ. खिशातला फोन दिवसातून शंभरदा दुसरे काय म्हणतो? ओडिसियस शहाणा होता. 'मी मोह आवरीन' अशा फुशारक्या त्याने मारल्या नाहीत. आपल्याला आवरणार नाही हे ओळखून त्याने आधीच सोबत्यांच्या कानात मेण घातले, स्वतःला डोलकाठीला बांधून घेतले, आणि बजावून ठेवले की मी सोडा म्हणालो तर दोर आणखी आवळा. रात्री जेवताना घरातले सगळे फोन दुसऱ्या खोलीत ठेवणारी गृहिणी होमर वाचलेली नसेल, पण ती त्याच शाळेतली आहे.

फोनचा विषय निघालाच आहे तर नार्सिससला टाळून चालणार नाही. पाण्यात स्वतःचे प्रतिबिंब पाहून त्याच्याच प्रेमात पडलेला आणि तिथेच झुरून गेलेला हा देखणा तरुण. 2013 साली ऑक्सफर्डच्या कोशकारांनी 'सेल्फी' हा वर्षाचा शब्द ठरवला, तेव्हापासून या बिचाऱ्याला फारच कामाला लावले आहे. पण ओव्हिड या रोमन कवीने ही गोष्ट सांगितली ती एकट्या नार्सिससची नाही. त्याच्यावर जीव जडलेली एको नावाची एक वनदेवता तिच्यात आहे. तिला शाप असा, की आपणहून बोलता यायचे नाही; दुसऱ्याने उच्चारलेले शेवटचे शब्द तेवढे परत बोलायचे. तिच्या मनात पुष्कळ आहे, पण तोंडून निघतात ते दुसऱ्याचेच शब्द. शेवटी झिजून झिजून तिचा नुसता आवाज उरला. डोंगरात प्रतिध्वनी ऐकतो ती ही.

आता सांगा, आजच्या काळाला एकटा नार्सिसस पुरतो का? एकाने आपलेच रूप न्याहाळत बसायचे आणि दुसऱ्याने आलेला मजकूर जसाच्या तसा पुढे धाडायचा. सकाळी उठल्यापासून शुभेच्छा, औषधे, सुविचार, अफवा, सारे पुढे. त्यात आपला शब्द एक नाही. ओव्हिडला हे दोघे एकाच गोष्टीत हवे होते, ते उगाच नव्हे. एकाला दुसरा दिसत नाही, दुसरीला स्वतःचे बोलता येत नाही. मग संभाषण व्हायचे कसे? दिवाळीला सारे कुटुंब एका दिवाणखान्यात जमते आणि तरीही खोली गप्प असते, तेव्हा ही दोन्ही माणसे तिथे येऊन बसलेली असतात.

मिडास राजाला आपण असेच अर्धे वापरतो. एखाद्या व्यापाऱ्याचा प्रत्येक धंदा चालला, एखाद्या निर्मात्याचे सगळे चित्रपट चालले, की म्हणतात, त्याचा हात म्हणजे मिडासचा हात! प्रशंसाच ती. पण मिडासने डायोनिसस देवाकडे वर मागितला, हात लावीन त्याचे सोने होवो म्हणून. संध्याकाळी जेवायला बसला तर भाकरीचे सोने, द्राक्षासवाचे सोने. राजा उपाशी! शेवटी देवाचे पाय धरून त्याने ते वरदान पॅक्टोलस नदीत धुऊन टाकले. त्या नदीच्या वाळूत सोने सापडे, त्याचे कारण लोक हे सांगत. लाडक्या लेकीचे सोने झाले हा प्रसंग ओव्हिडच्या गोष्टीत नाही. तो अमेरिकन लेखक हॉथॉर्नने 1851 साली मुलांसाठी गोष्ट लिहिताना घातला, आणि तोच जगाला पटला. आपल्याकडे हाताचे असलेच वरदान भस्मासुराला मिळाले होते. पण आपण कोणाला कौतुकाने 'तुमचा हात म्हणजे अगदी भस्मासुराचा' असे म्हणतो का? घरची गोष्ट पुरी ठाऊक असते, म्हणून जीभ आवरते.

सर्वांत अन्याय मात्र इकॅरसवर झाला आहे. मेणाने चिकटवलेल्या पंखांनी फार उंच उडाला, सूर्याजवळ गेला, मेण वितळले, समुद्रात पडला. तात्पर्य : पोराने फार उंच उडू नये. ही झाली आपल्याला सोयीची अर्धी. त्याच्या बापाने, डेडॅलसने, उडण्याआधी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. फार वर जाऊ नको, सूर्य जाळील. आणि फार खालीही राहू नको, समुद्राच्या ओलाव्याने पंख जड होतील. मधून चल. यातला दुसरा अर्धा उपदेश आपण विसरलो. जपून, बेताने, नोकरी सांभाळून, पाण्यालगत उडत आयुष्य काढणाऱ्याचेही पंख भिजतात, हे कोणी मुलांना सांगत नाही.

आणि बापाचे काय? डेडॅलस हा त्या काळचा सर्वांत मोठा कारागीर. क्रीटच्या मिनोस राजासाठी बाहेरची वाट सापडू नये असा भूलभुलैया त्याने बांधला. पुढे त्याच राजाने त्याला बेटावर अडकवून ठेवले. सुटकेसाठी त्याने पंख केले, कधीही न उडालेल्या मुलाच्या खांद्याला स्वतःच्या हाताने बांधले, आणि उपदेश केला तो दोन वाक्यांचा. ओव्हिड सांगतो की पंख बांधताना त्याचे हात थरथरत होते. म्हणजे त्याला कळत होते. 2023 च्या मे महिन्यात कृत्रिम बुद्धिमत्ता घडवणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी व कंपन्यांच्या प्रमुखांपैकी अनेकांनी, या शोधाचा धोका मानवजातीच्या अस्तित्वापर्यंत जाऊ शकतो, अशा एका वाक्याच्या निवेदनावर सह्या केल्या आणि पुन्हा कामाला लागले. ते वाचताना मला ते थरथरणारे हात आठवले. पण तेवढ्या लांब कशाला जा? आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या हाती सारे जग देताना आपण तरी काय सांगतो? 'फार वेळ बघू नको हं!' पंख आपण बांधायचे आणि पडल्यावर तात्पर्य मात्र मुलाच्या नावावर लिहायचे. जुन्या कवीने तसे केले नाही. त्याच्या गोष्टीच्या शेवटी पाण्यावर तरंगणारी पिसे पाहून डेडॅलस स्वतःच्या कलेला शाप देतो.

कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली एक छोटी ब्राँझची मूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन. रोमन काळात व्यापाराच्या वाटेने तो पंचगंगेच्या काठी आला. इथे त्याला समुद्र नव्हता, आणि ज्याच्या घरी तो उतरला त्याला त्याची गोष्ट कोणी सांगितली की नाही, कोण जाणे! मूर्ती दोन हजार वर्षे मातीत टिकते. गोष्ट मात्र कोणी तोंडाने सांगितली तरच टिकते.

म्हणून या दिवाळीत चकली मोडता मोडता मुलांना एखादी गोष्ट सांगा. ग्रीकांची सांगा, आपली सांगा. पण शेवटपर्यंत सांगा. आणि पाहुण्यांपैकी कोणी एखाद्या शेठजीचे कौतुक करताना मिडासच्या हाताचा दाखला दिलाच, तर बशी पुढे करून हळूच विचारा : सगळे खरे हो, पण त्या रात्री राजा जेवला काय?