फसवला गेला तोच दोषी?

दूरध्वनीवरून पोलीस वा सीबीआयचा अधिकारी असल्याची बतावणी करायची, ‘डिजिटल अटके’ची धमकी द्यायची आणि आधार क्रमांक, ओटीपी काढून घ्यायचा, हा धंदा आज सर्वत्र बोकाळला आहे. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही. पण जन्मभर खाकीला भ्यायला शिकवलेल्या निवृत्त कामगाराला हे कोणी सांगायचे? रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने तर, ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असल्यास, तक्रार नोंदवेपर्यंतचा सारा तोटा त्याच्याच माथी मारला. अजब न्याय! बँक खाते व मोबाइल यांसाठीची आधारसक्ती सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये रद्द केली खरी. तोवर आधारच्या झेरॉक्स प्रती दुकानोदुकानी साचल्या होत्या.

शासनाला जाब विचारायचाच. परंतु तोवर कार्यकर्त्यांनी चाळीचाळीत जाऊन सांगावे की, असा फोन येताच ठेवून द्यावा, आपल्या नावावर परस्पर सिमकार्डे निघाली आहेत काय ते ‘संचार साथी’वर पाहावे, आधारमधील बोटांचे ठसे कुलूपबंद करावेत. फसवणूक झालीच तर लाजेपायी गप्प न बसता त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसा अनेक खात्यांत पांगण्यापूर्वी गोठवता येतो, तो या पहिल्या काही तासांतच.