आधी स्कॅन, मग सुरी!

परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. विधानसभेत त्याच्या श्वसनविकाराचा दाखला दिला गेला. शवविच्छेदनात मात्र 'अनेक जखमांमुळे बसलेला धक्का' हे कारण निघाले. तरीही गुन्हा नोंदवून घेण्यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयात जावे लागले.

इथे जखमा दिसल्या म्हणून लढता तरी आले. ज्या जखमा दिसतच नाहीत, त्यांचे काय? हा आमचा प्रश्न आहे. डोके आणि मान यांचा मार फसवा असतो. वरून कातडी शाबूत, पण कवटीचा तळ तडकलेला; मानेचा वरचा मणका मोडलेला, पण बाहेर ओरखडा नाही. नेहमीच्या शवविच्छेदनात मानेची मागची बाजू अनेकदा उघडलीच जात नाही. कित्येक शवागारांत कवटी आजही छिन्नी-हातोड्याने फोडली जाते आणि ते काम पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच सफाई कामगार बांधवांच्या माथी मारलेले आहे. त्या घावानेही हाड तडकू शकते. मग आरोपीचा वकील विचारतो, ही तडा लाठीची की हातोडीची?

याला उत्तर आहे. मृतदेहाला सुरी लावण्याआधी त्याचा सीटी स्कॅन करणे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील न्यायवैद्यक संस्थेने ही पद्धत विकसित केली. दिल्लीच्या एम्समध्ये ती २०२१ पासून सुरू आहे. कवटीची तडा, मोडलेले मणके, मेंदूभोवतीचा मोठा रक्तस्राव सीटी स्कॅनमध्ये स्वच्छ दिसतो.

पण यंत्र म्हणजे देव नव्हे. गळा दाबल्यावर मानेच्या स्नायूंत साकळलेले रक्त, रक्ताचा पातळ थर, मज्जारज्जूची लहान इजा सीटी स्कॅनमधून निसटू शकते. म्हणून 'स्कॅन झाला, आता चिरफाड नको' असे कोणी म्हणू लागला तर सावध राहा. संशयास्पद मृत्यूत दोन्ही हवे.

स्कॅनची खरी ताकद वेगळीच आहे. तो जपून ठेवता येतो. २००६ साली खैरलांजीत पहिल्या शवविच्छेदनावर विश्वास उरला नाही, तेव्हा पुरलेले मृतदेह उकरून पुन्हा तपासावे लागले. तोवर देह कुजू लागतो, पुरावा विरत जातो. दहन झाले असेल तर तेही शक्य नाही. स्कॅन मात्र दहा वर्षांनीही दुसऱ्या डॉक्टरसमोर ठेवता येतो.

कोठडीतील मृत्यूच्या शवविच्छेदनाचे चित्रीकरण करा, असे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९५ मध्येच राज्यांना कळवले होते. परंतु कॅमेरा कातडी पाहतो, हाडाच्या आत पाहत नाही. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. कोठडीतील प्रत्येक मृत्यूत आणि अत्याचाराच्या प्रत्येक हत्येत डोके-मानेचा स्कॅन आधी व्हावा; तो पोलिसांच्या नव्हे, न्यायालयाच्या ताब्यात राहावा; आणि त्याची प्रत कुटुंबाला मिळावी. जिवंतपणी ज्यांचे ऐकले गेले नाही, त्यांची हाडे तरी साक्ष देतील. ती साक्ष पुसण्याचा अधिकार कोणालाही नाही!