अवेध्य सिरांचे भान

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या सातव्या अध्यायात 700 सिरा सांगून त्यांपैकी 98 अवेध्य ठरविल्या. सिरावेधाचा विधी येतो तो त्यानंतर, आठव्या अध्यायात. कोठे वेध करू नये हे आधी आणि कसा करावा हे नंतर, हा क्रम आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. रक्तमोक्षण असो वा तपासणीसाठी घ्यावयाचे थोडेसे रक्त, आज मात्र ठळक दिसेल ती सिरा गाठण्याची घाई आढळते.

आमच्या पाहण्यातील एक प्रसंग. डायलिसिसवरील एक गृहस्थ ज्वरासाठी एका चिकित्सालयात आले. त्यांच्या डाव्या हातावरील सिरा चांगली फुगलेली पाहून सहायकाने तेथेच पट्टा आवळला. वस्तुतः तो धमनी व सिरा जोडून केलेला फिस्टुला होता. पत्नीने वेळीच अडविले म्हणून अनर्थ टळला. अशा हाताला पट्टा बांधल्यास वा सुई टोचल्यास रक्ताची गुठळी किंवा जंतुसंसर्ग होऊन फिस्टुला निकामी होऊ शकतो. रुग्णाचे डायलिसिस तर त्यावरच अवलंबून असते. तेथे नुसता हात ठेवला तरी थरथर जाणवते. दर्शनाबरोबर स्पर्शनही का हवे, ते यावरून कळावे.

मूत्रपिंडाचा जीर्ण विकार असून डायलिसिस सुरू झालेले नसले, तरी पुढील फिस्टुलासाठी अग्रबाहू व कोपराच्या सिरा राखाव्यात. रक्त पंजाच्या मागील बाजूने घ्यावे. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतील लसीकाग्रंथी काढलेल्या असल्यास ती बाजू शक्यतो टाळावी. याविषयीचे जुने कडक निर्बंध अलीकडे शिथिल होत असले, तरी दुसरा हात उपलब्ध असता धोका पत्करण्याचे कारण नाही. सलाईन चालू असलेल्या हातातील रक्ताचा अहवाल फसवा येतो. मधुमेही रुग्णाच्या पायातून रक्त घेऊ नये. तेथील क्षुल्लक जखमही चिघळू शकते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास वेधस्थान अधिक काळ दाबून धरावे.

सर्वांगशोफ, पांडु, गर्भिणी अशा अवस्थांत रक्तमोक्षण वर्ज्य सांगणाऱ्या परंपरेचे आपण वारसदार आहोत. तेव्हा वैद्यबंधूभगिनींनी रुग्णपत्रिकेवर ‘अवेध्य स्थान’ असा एक रकाना ठेवावा आणि सुई हाती घेण्यापूर्वी तो भरावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. त्यासाठी रुग्णाला दोन प्रश्न विचारावे लागतील, एवढेच.