रेशनचा तांदूळ आणि झहीराबादची ज्वारी

२०२५ च्या उगादीपासून तेलंगणात रेशनवर माणशी ६ किलो बारीक तांदूळ फुकट मिळू लागला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनी पहिल्याच महिन्यात सांगितले, "आता भात चांगला होतो, मुले मागून घेतात." पूर्वीचा जाडा तांदूळ पुष्कळ घरांत शिजतच नसे, तो कमी भावात विकला जाई. आता तो ताटात येतो. गरिबाच्या घरी चांगले अन्न शिजत असेल तर त्यात तक्रार करण्यासारखे काही नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

पण हाच तांदूळ आपल्या शहरापासून शंभरएक किलोमीटरवर झहीराबादच्या गावांत पोहोचतो, तेव्हा तिथे एक वेगळा प्रश्न उभा राहतो. बेचाळीस वर्षे ज्या बायकांनी ज्वारी, राळे, तूर आणि त्यांचे बियाणे जपले, त्यांनी आता हे धान्य कोणासाठी पेरायचे? आपल्यापैकी बऱ्याच जणांची मूळ गावे मराठवाड्यात आहेत. हैदराबाद संस्थानात आपण आणि झहीराबादवाले एकाच राज्यात होतो, आणि दोघांच्याही ताटात भाकरीच होती. म्हणून हा विषय आपल्यालाही जवळचा आहे.

एका सालातल्या दोन सुरुवाती

१९८३ साली एन. टी. रामाराव यांच्या सरकारने दोन रुपये किलोने तांदूळ द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी झहीराबाद भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था सुरू झाली. पत्रकार आणि दूरदर्शनचे निर्माते म्हणून काम केलेले पी. व्ही. सतीश हे तिच्या संस्थापकांपैकी एक. संस्थेने गावोगाव महिलांचे संघम उभे केले. पुढे पंचाहत्तरच्या आसपास गावांत हे काम पसरले. सभासद बहुतेक दलित, अल्पभूधारक बायका. वाट्याला आलेली जमीन हलकी, विहीर नाही, आणि वर्षातले काही महिने घरात दाणा नाही.

दोन रुपयांच्या तांदळाने भूक भागली, यात शंका नाही. पण तांदूळ बाहेरून येऊ लागला तशी हलकी जमीन पेरण्याचे कारणही कमी होत गेले. जमीन पडीक राहिली, तसा जनावरांचा कडबा गेला आणि शेणखत घटले. सुगीच्या दिवसांत शेजारच्या बाईला मिळणारी मजुरीही गेली. एक धान्य बदलले की त्याच्या मागची सगळी साखळी कशी सुटते, ते इथे दिसते.

धान्याची बँक

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर संघमच्या बायकांनी जे केले, ते बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला फार शिकवणारे आहे. तीसएक गावांत मिळून अडीच हजार एकरांवर पडीक जमीन पुन्हा पिकाखाली आणण्यासाठी त्यांनी कर्ज दिले. पैसे नांगरट, शेणखत आणि वेळेवर पेरणी यांसाठी हप्त्याने मिळत. परतफेड मात्र रोख नव्हती, ती ज्वारीत करायची होती आणि तीही काही वर्षांत विभागून.

परत आलेली ज्वारी गावातच साठवली गेली. पावसाळ्यात, जेव्हा घरातले संपलेले असते आणि नवे यायला अवकाश असतो, तेव्हा ती गावातल्या गरीब घरांना स्वस्त दराने विकायची. विक्रीचे पैसे पुन्हा पुढच्या वर्षीच्या शेतीसाठी. म्हणजे उत्पादन, साठवण, वाटप आणि कर्ज ही चारही कामे एकाच गावात होत.

गरीब कोण हे ठरवायला तहसीलदाराचा दाखला लागत नव्हता. गाव एकत्र बसे, जमिनीवर रंगीत पुडीने गावाचा नकाशा काढी आणि घराघराची परिस्थिती सगळ्यांदेखत ठरवी. मी नोकरीत असताना सरकारी योजनांच्या लाभार्थ्यांच्या याद्या पाहिल्या आहेत. पाच एकर बागायत असलेल्या माणसाचे नाव गरिबांच्या यादीत कसे येते, हेही पाहिले आहे. चार लोकांसमोर केलेल्या यादीत ते येणे कठीण.

आमच्या आजोबांच्या गावी, देगलूरकडे, पेवात ज्वारी भरून ठेवत. गरजवंताला सावकार त्यातूनच धान्य देई आणि सुगीला सवाई-दिढीने वसूल करी. मणाला सव्वा मण, नाही तर दीड मण. झहीराबादच्या बायकांनी पेवाची कल्पना ठेवली, फक्त किल्ली सावकाराकडून काढून स्वतःकडे घेतली. बियाण्याचेही तसेच. बी उसने न्यायचे आणि सुगीनंतर वाढवून परत करायचे.

माझ्या टेबलावरचा अर्ज

एक गोष्ट सांगायला संकोच वाटतो, पण ती या विषयातलीच आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी त्या भागातल्या एका शाखेत शेतीकर्जे पाहत होतो. एक बाई दोन एकरांवर पीककर्ज मागायला आली. मी विचारले, पीक कोणते? तिने बोटे मोडायला सुरुवात केली. ज्वारी, तूर, राळे, कारळे, अंबाडी, मूग, चवळी, तीळ. मी तिला मध्येच थांबवले. अर्जात पिकाचा रकाना एकच होता आणि एकरी किती कर्ज द्यायचे याचा तक्ताही एकेका पिकासाठी. उसाला होते, कापसाला होते, बटाट्याला होते. आठ पिकांच्या शेताला नव्हते. "एक काहीतरी ठरवून या," असे सांगून मी तिला परत पाठवले. ती पुन्हा आली नाही.

तिचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का होता, हे मला फार उशिरा कळले. पाऊस लवकर गेला तर राळे हाती लागते, लांबला तर तूर तगते. तुरीची पाने पडून जमिनीला खत मिळते. अंबाडी-चवळीवर घरचे कालवण निघते. बँकेच्या भाषेत याला जोखीम विभागणे म्हणतात आणि त्यासाठी आम्ही ठेवीदारांना सल्ले देत होतो. कोरडवाहू शेतात तोच सल्ला कोणी प्रत्यक्ष वापरते आहे, हे मात्र आम्हाला अर्जात बसवता आले नाही. दोष नियमांचा होता तसा माझाही होता. वरिष्ठांना एक पत्र तरी लिहिता आले असते.

गौरव खूप झाला, खरेदीचे काय?

या बायकांचे कौतुक झाले नाही असे नाही. २००८ साली माचनूर गावात त्यांचे स्वतःचे संघम रेडिओ केंद्र सुरू झाले. २०१९ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. दरवर्षी संक्रांतीपासून त्यांची जुन्या पिकांची जत्रा निघते. सजवलेल्या बैलगाड्यांत बियाण्यांच्या टोपल्या मांडून महिनाभर गावोगाव फिरतात. भारताच्या पुढाकाराने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष ठरले, अर्थसंकल्पात या धान्यांचा 'श्रीअन्न' म्हणून उल्लेख झाला आणि आपल्याच राजेंद्रनगरमधल्या भरडधान्य संशोधन संस्थेला उत्कृष्टता केंद्राचा दर्जा जाहीर झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये सतीश वारले.

आता या गौरवाशेजारी हिशेब मांडून पाहू. पाच माणसांच्या घराला रेशनवर महिन्याला ३० किलो, म्हणजे रोज एक किलो तांदूळ फुकट मिळतो. ज्वारी मात्र पेरायची, राखायची, पाखरे हाकायची, कापायची, मळायची, दळून आणायची आणि भाकरी थापायची. राळे-वरईचे तर टरफल काढणे हेच मोठे काम. उखळाचे दिवस गेले आणि त्यासाठीची छोटी यंत्रे सगळ्या गावांत नाहीत. हे सगळे कष्ट बाईच्याच वाट्याचे. तिने तांदूळ शिजवला तर तिला नावे ठेवण्याचा आपल्याला काय अधिकार?

विकायला जावे तर तिथेही गंमत आहे. २०२५-२६ साठी केंद्राचा हमीभाव साध्या भाताला क्विंटलला २,३६९ रुपये आणि संकरित ज्वारीला ३,६९९ रुपये आहे. कागदावर ज्वारी पुढे आहे. पण हमीभाव जाहीर होणे वेगळे आणि त्या भावाने माल उचलला जाणे वेगळे. भातासाठी गावोगाव खरेदी केंद्रे उघडतात, बारीक भाताला राज्य सरकार क्विंटलला ५०० रुपये बोनस देते. राळे आणि कोद्र्याला तर केंद्राचा हमीभावच नाही. आपल्या भागातल्या दुकानांत मात्र हीच धान्ये सुंदर पाकिटांत महाग विकली जातात. मधुमेह झाला की डॉक्टर सांगतात म्हणून आपण ती आणतो. गरिबाचे धान्य श्रीमंताचे पथ्य झाले, आणि पिकवणारी तांदळावर आली.

शिवाय जमिनीचाही प्रश्न आहे. झरासंगम आणि न्यालकल या मंडलांत मिळून १२,६०० एकरांहून अधिक जमिनीवर औद्योगिक क्षेत्र आखलेले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या बारा औद्योगिक शहरांत झहीराबादचे नाव आहे. माचनूर याच झरासंगम मंडलात येते. कारखाने नकोत असे मी म्हणणार नाही. संघमच्या बायकांच्या नातवंडांनाही पगाराची नोकरी हवी आहे, आणि ती हवीशी वाटणे साहजिक आहे. पण जमीन गेली की बियाण्याच्या टोपल्या प्रदर्शनात ठेवण्यापुरत्याच उरतात. बी दरवर्षी मातीत गेले तरच जिवंत राहते.

शेजारी काय करतात

यावर उपाय नवा शोधायला नको. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ आणि गव्हाबरोबर भरडधान्येही आहेत. मूळ कायद्यात त्यांचा दर सगळ्यांत कमी, एक रुपया किलो होता. झहीराबादहून बिदर हाकेच्या अंतरावर आहे. तिथे कर्नाटक सरकार ज्वारी आणि नाचणी हमीभावाने खरेदी करून आपापल्या भागातल्या रेशन दुकानांतून देते. ओडिशाने २०१७ साली भरडधान्यांची मोहीम सुरू केली, आदिवासी जिल्ह्यांतली नाचणी विकत घेतली, ती रेशनवर आणली आणि अंगणवाडीतल्या मुलांना तिचे लाडू दिले.

तेलंगणानेही निदान झहीराबादसारख्या मंडलांत ६ किलोंपैकी दोन किलो ज्वारी, ज्यांना हवी त्यांना, तिथल्याच शेतकऱ्यांकडून घेऊन द्यावी. सक्ती नको. तांदूळ काढून घेऊ नये. संघमने गावात जे करून दाखवले तेच सरकारने थोड्या मोठ्या प्रमाणावर करायचे आहे. पिकवणाऱ्याच्या गावातच पहिला ग्राहक उभा राहिला, तर पेरणीला कारण राहील. शहरातल्या पाकिटांवर ही शेती टिकणार नाही. फॅशन बदलली की ते गिऱ्हाईक जाते.

आपल्या संस्थेपुरते

सरकार काय करील ते करील. आपल्या कार्यकारिणीपुढे मी एक छोटा प्रस्ताव ठेवला आहे, तो सभासदांनीही पाहावा.

पन्नास घरांनी महिन्याला दहा किलो ज्वारी घ्यायची ठरवली, तर महिन्याला पाच आणि वर्षाला साठ क्विंटल होते. कोरडवाहू ज्वारी एकरी चार-पाच क्विंटल धरली, तर बारा ते पंधरा एकर आपल्या भाकरीवर उभे राहतात. आकडा लहान आहे, पण पाच-सहा घरांच्या दृष्टीने लहान नाही.

अटी तीन. पहिली, त्यांच्या घरची आणि गावच्या साठ्याची ज्वारी आधी बाजूला पडावी, उरेल ती आपण घ्यावी. दुसरी, भाव हमीभावाच्या खाली नसावा. तिसरी, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची, निम्मे पैसे पेरणीच्या वेळी उचल म्हणून द्यावेत आणि ज्वारीबरोबर तूर, राळे, अंबाडी काय काय पेरले याची अट घालू नये. पाऊस दगा देईल तर ती उचल पुढच्या वर्षावर ढकलावी. काही घरांचे थोडे पैसे अडकतील. पन्नास जणांत विभागले तर कोणाचे घर बसणार नाही.

येत्या भोगीला संस्थेच्या सभागृहात बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी नेहमीप्रमाणे होईलच. त्या दिवशी दाराजवळ एक वही ठेवलेली असेल. ज्यांना दहा किलो घेणे जमेल त्यांनी नाव लिहावे. वहीत पिकाचा रकाना मी मुद्दाम रुंद आखला आहे.